स्टेरॉइडच्या ड्रॉपमुळे माझ्या डोळ्यांचं प्रेशर वाढलं. डॉक्टर म्हणाले, पेशींत 'एपिजेनेटिक' बदल होतात. म्हणजे हे माझ्या मुलांनाही होणार का?

नाही. बदल झाला तो तुमच्या डोळ्यातल्या पेशींत, तो मुलांमध्ये उतरत नाही. पण 'रक्तातच असेल' हे मी नऊ वर्षं ऐकतेय, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

माझ्या मुलाला उन्हाळ्यात डोळ्यांची अ‍ॅलर्जी व्हायची. इतकी खाज, की मुठींनी डोळे चोळायचा. आठ वर्षांचा असताना डॉक्टरांनी डेक्सामेथासोनचे थेंब दिले, एक आठवडा, मग दाखवायला या म्हणून. दोन दिवसांत डोळे पांढरेशुभ्र. पुढच्या वर्षी खाज सुरू झाली तशी भावजींनी मेडिकलमधून तीच बाटली आणली, चिठ्ठीशिवाय. "वहिनी, थेंबाला कशाला डॉक्टर?" मीही घातले. बाटली फ्रीजच्या दारात, लिंबाच्या लोणच्याशेजारी असायची. संपली की नवी. असे दोन उन्हाळे गेले.

मग तो जिना उतरताना पायरी चुकायला लागला. दुखत काहीच नव्हतं. तपासलं तर प्रेशर उजव्या डोळ्यात ४२, डाव्यात ३६. नॉर्मल साधारण १० ते २१ असतं. डॉक्टरांनी बाटलीवरचं लेबल वाचलं आणि विचारलं, "किती दिवस?" मी म्हटलं, दिवस नाही, दुसरं वर्ष. ठिपका दिसला की बटण दाबायची ती तपासणी झाली. कागदावर खालच्या बाजूला काळा पट्टा उमटला होता, तेवढ्या भागात त्याला दिसतच नव्हतं. वाढलेल्या प्रेशरने डोळ्याची नस खराब झाली होती, म्हणजे काचबिंदू.

घरी आल्यावर भावजी म्हणाले, "तुमच्या वडिलांना काचबिंदू आहे ना, मग रक्तातच असणार." बाबांच्या कानावर ते गेलं. शेवटच्या आजारपणातसुद्धा नातवाचा हात धरून ते माफी मागत होते.

आता तुमचा 'एपिजेनेटिक'. डोळ्यात पाणी सतत तयार होतं आणि बुबुळाच्या कडेच्या बारीक जाळीतून निघून जातं. स्टेरॉइड त्या जाळीच्या पेशीत शिरतं, रिसेप्टर नावाच्या प्रथिनाला चिकटतं आणि दोघं पेशीच्या केंद्रकात जातात. तिथे डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर गुंडाळलेला असतो. त्यावरच्या रासायनिक खुणा बदलल्या की कुठला भाग सैल पडून वाचला जाईल आणि कुठला घट्ट राहील ते बदलतं. डीएनएची अक्षरं तीच राहतात. हाच तो एपिजेनेटिक बदल. मग मायोसिलिन नावाचं प्रथिन भरमसाट वाढतं, फायब्रोनेक्टिन आणि कोलॅजन ही धाग्यांसारखी प्रथिनं साचतात, पेशी ताठरतात. चहाच्या गाळणीला साय धरावी तशी ती जाळी तुंबते. मायोसिलिनच्या जनुकातल्या दोषाने काही घराण्यांत काचबिंदू होतो हे १९९७ मध्ये सापडलं, पण स्टेरॉइडने ते वाढायला तसा दोष असावाच लागतो असं नाही. हे वाचलं तेव्हा मी बाबांच्या फोटोपुढे बसून रडले.

सगळ्यांनाच असं होत नाही. १९६० च्या दशकातल्या चाचण्यांत काही आठवडे थेंब घातल्यावर साधारण तिघांत एकाचं प्रेशर थोडंफार वाढलं आणि शंभरात पाचेक जणांचं खूपच. लहान मुलं, जास्त मायनस नंबरवाले, मधुमेही आणि हो, आईवडिलांना किंवा भावंडांना काचबिंदू असलेले, यांना धोका जास्त. म्हणजे प्रवृत्ती घराण्यातून येऊ शकते. बाबांचा काही वाटा असेलही. पण त्या बाटलीशिवाय दहाव्या वर्षी प्रेशर ४२ वर गेलं नसतं, असं आमच्या डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं.

म्हणून मुलांना कधी स्टेरॉइड लागलंच, थेंब, गोळी, नाकातला स्प्रे, पापणीजवळचं मलम, काहीही, तर तुमचं हे डॉक्टरांना सांगा आणि मध्ये प्रेशर मोजून घ्या. स्वतःहून मात्र एकदम बंद करू नका. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर किंवा डोळ्याच्या आतल्या सुजेत हेच थेंब डोळा वाचवतात, आणि गोळ्या अचानक सोडणं जिवावर बेतू शकतं. प्रेशर बहुतेकांचं थेंब थांबवल्यावर काही आठवड्यांत उतरतं. माझ्या मुलाचं आता १४ आहे, पण दोन औषधं चालू आहेत आणि तो काळा पट्टा तसाच आहे. नसेचं गेलेलं परत येत नाही.

आणि भावजी, तुम्ही हे वाचत असाल तर बाबांचं नाव यात परत घेऊ नका.