सुभेदार, हबसाण आणि आजीचे हत्ती

एका वाचकाने विचारलं आहे: "आमचं मूळ गाव दापोली तालुक्यात. आमचा एक पूर्वज सुभेदार होता. 'गलबतात हत्ती घालून सुभेदार हबसाणावर गेले नि तिथल्या राजाला संपवून आले,' असं आजी सांगायची. पेशवाईत जंजिऱ्याच्या सिद्दीवर गेलेला तो प्रांताधिकारी असणार, असं घरात सगळे धरून चालतात. हत्तींचं तेवढं कोणी खरं मानत नाही. देवघरात त्याचा चांदीचा बिल्ला आहे, त्यावर चांदणी आहे. 'सुभेदार' या शब्दावरून काळ ठरवता येईल का?"

नुसत्या त्या शब्दावरून नाही येणार. पण आजीच्या वाक्यातला एकही शब्द टाकून देऊ नका, हत्ती तर मुळीच नको.

सुभा म्हणजे प्रांत आणि सुभेदार म्हणजे तो सांभाळणारा. मूळ शब्द सूबा, मराठीने त्याचा सुभा केला. अकबराने 1580 मध्ये राज्याचे 12 सुभे पाडले तेव्हापासून हा शब्द हिंदुस्थानभर रुळला. पेशवाईत कोकणचा कारभार पाहणारे रामाजी महादेव बिवलकर सरसुभेदार होते, आणि माळव्यात जम बसवलेल्या मल्हारराव होळकरांच्या नावाआधी सुभेदार लागतं ते याच अर्थाने. लोकांच्या तोंडी मात्र ही पदं तेव्हाही एकमेकांत मिसळत. तानाजी मालुसऱ्यांना सभासद बखरीत 'हजारी' म्हटलं आहे, म्हणजे पायदळातला अधिकारी. गावोगावच्या आठवणीत ते झाले 'सुभेदार तानाजी'. खोटं सांगायचा कोणाचा हेतू नव्हता. माणूस मोठा, म्हणून त्याला माहितीतलं मोठं पद दिलं गेलं.

नंतर कंपनी सरकारने पलटणी उभारल्या आणि पदांची नावं इथलीच उचलली. शिपाई, नाईक, हवालदार, जमादार आणि त्यांच्या वर सुभेदार. या सुभेदाराकडे प्रांत नाही, महसूल नाही. पलटणीतल्या एका तुकडीचा तो देशी अंमलदार. एकेक पायरी चढत तिथे पोचेपर्यंत मिशा पिकायच्या, आणि त्या काळात शिपायाला त्याहून वर सुभेदार-मेजरपलीकडे जायची वाटच नव्हती. अशा माणसाचं गावात केवढं वजन असेल! दापोली तर फौजी पेन्शनरांचं गाव. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर काही काळ तिथेच राहिले होते. म्हणून दापोलीकडच्या घरात 'सुभेदार' ऐकलं की मला आधी पलटण आठवते, सुभा नंतर.

खरा घोळ 'हबसाण'ने घातला आहे. हबसाण म्हणजे हबशांचा मुलूख. कोकणात हे नाव जंजिऱ्याच्या सिद्दींच्या संस्थानाला होतं, त्यामुळे घरच्यांनी जंजिरा धरला यात नवल नाही. पण हबशांचा मूळ मुलूख समुद्रापलीकडे, आफ्रिकेत. आपण त्याला ॲबिसिनिया म्हणत होतो, आता इथिओपिया म्हणतो. तिथला सम्राट थिओडोर याने काही युरोपीय लोकांना कैदेत टाकलं, म्हणून 1867 च्या अखेरीस मुंबई इलाख्याच्या फौजेचे सेनापती रॉबर्ट नेपियर यांच्या हाताखाली एक मोहीम निघाली. त्या फौजेत इथल्या देशी पलटणी होत्या. आणि मुंबईहून जहाजांत चढवून 44 हत्तीही नेले होते, डोंगरातून जड तोफा वाहायला.

मुरूडच्या किनाऱ्यावरून हाकेच्या अंतरावर दिसणाऱ्या किल्ल्यावर कोणी गलबतातून हत्ती कशाला नेईल? घरात ज्या शब्दाला पदरचा मीठमसाला समजलं गेलं, तोच मला सगळ्यांत भरवशाचा वाटतो. पिढ्यान्‌पिढ्या कोणाला त्याचा अर्थ लागला नाही, तरी कोणी तो गाळला नाही. 'राजा'चंही तसंच. सिद्दीला कोकणात नवाब म्हणत. थिओडोर राजा होता, आणि 13 एप्रिल 1868 रोजी मगदाला हा त्याचा डोंगरी किल्ला पडला तेव्हा त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. 'मारून आले'ऐवजी 'संपवून आले' हे आजीचं क्रियापद त्या प्रसंगाला किती चपखल बसतं पाहा.

घरात आणखी कोणी म्हातारं माणूस असेल तर त्यांना 'ते पेशव्यांचे की इंग्रजांचे?' असं विचारू नका. असं विचारलं की माणूस आपल्याला आवडेल ते उत्तर देतो. गोष्ट पहिल्यापासून सांगायला लावा आणि शब्द जसेच्या तसे उतरवून घ्या. पलटण, लाईन, पिन्शन असे शब्द आले तर वाट इंग्रजी फौजेकडे जाते. सनद, सरंजाम, वतन आले तर मराठेशाहीचा विचार पुन्हा करावा लागेल आणि पुण्याचं पेशवे दप्तर गाठावं लागेल. कोणी 'सरदार' म्हटलं तर लगेच सरंजामी सरदार समजू नका. 1837 पासून देशी लष्करी अंमलदारांना मिळणाऱ्या एका मानचिन्हाच्या पहिल्या वर्गाबरोबर 'सरदार बहादूर' हा किताब येत असे.

राहिला बिल्ला. ॲबिसिनियाच्या मोहिमेचं पदक चांदीचं असतं. पुढे नऊ टोकांची चांदणी, तिच्या मध्ये राणी व्हिक्टोरियाचा छोटा मुखवटा, आणि टोकांच्या फटीत देशाच्या इंग्रजी नावाचं एकेक अक्षर, नऊ टोकांना नऊ अक्षरं. तुमच्या चांदणीची टोकं आधी मोजा. नऊ भरली तर पदक उलटून पाहा: मागे पानांच्या वेढ्यात, मधोमध, ते ज्याला दिलं त्याचं नाव आणि पलटण असते. ती अक्षरं वाचून होईपर्यंत यंदाच्या दसऱ्याला देवांच्या टाकांबरोबर बिल्ला चिंच लावून घासू नका.