केमोच्या आदल्या रात्रीची गोळी

ताई, चौथ्या केमोला निघताना, सलाईन लागायच्याही आधी तुमच्या आईला उलटी झाली. डॉक्टरांनी लोराझेपाम लिहून दिलं आणि घरातले म्हणतात, ही तर डोक्याची गोळी, सवय लागेल. मी डॉक्टर नाही. पण २०१९ मध्ये स्तनाच्या कर्करोगासाठी माझ्या केमो झाल्या आणि हीच गोळी मी घेतली होती, म्हणून लिहिते.

आधी घरातल्यांना एक सांगा. आई घाबरट नाही आणि तिची उलटी खोटीही नाही. मी गोव्यात पेडण्याहून बांबोळीच्या हॉस्पिटलात केमोला जायची. दुसऱ्या केमोनंतर असं झालं की पर्वरी सोडून मांडवीचा पूल आला की तोंडाला पाणी सुटायचं, ओकारी येण्याआधी सुटतं तसं. तिसऱ्या वेळी बांबोळी जवळ आली आणि गाडी बाजूला घ्यावी लागली. मागच्या वेळचा त्रास शरीर त्या वाटेशी, स्पिरिटच्या वासाशी, नर्सच्या ट्रेच्या आवाजाशी बांधून ठेवतं. घंटा ऐकून लाळ गाळणारा पाव्हलॉव्हचा कुत्रा आपण शाळेत शिकलो, तोच हा प्रकार. ज्यांना गाडी लागते किंवा गरोदरपणी फार उलट्या झाल्या होत्या, त्यांना केमोतही मळमळ जास्त होते. आईला विचारून बघा.

म्हणूनच इथे एमसेट, म्हणजे उलटीची नेहमीची ऑन्डानसेट्रॉनची गोळी, पुरी पडत नाही. केमोमुळे आतड्यातून सेरोटोनिन सुटतं, त्याचा मेंदूकडे जाणारा निरोप ती अडवते. पण वाटेतच मळमळतं तेव्हा केमोचं औषध अजून अंगात गेलेलंच नसतं. तिथे लोराझेपाम उपयोगी पडतं. ते धास्ती उतरवतं, झोप देतं आणि त्या वेळची आठवणही थोडी पुसट करतं. मला अर्धा मिलिग्रॅम आदल्या रात्री आणि अर्धा सकाळी निघण्याआधी दिला होता. आईचा डोस तिचे डॉक्टरच ठरवतील, माझा बघून देऊ नका. वेळ मात्र नीट विचारून घ्या, कारण मळमळ सुरू झाल्यावर घेतली तर गोळी पोटात राहतच नाही. ही गोळी घेतली तेव्हा माझ्या पहिल्या खेपेला असंच झालं. गोळी कधी घ्यायची हे मला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

सवयीचं म्हणाल, तर दर २१ दिवसांनी एक-दोन गोळ्या घेऊन सवय लागण्याची शक्यता फार कमी. रोज, आठवडेच्या आठवडे घेतली तर लागू शकते, आणि मग ती एकदम बंदही करता येत नाही. खरी काळजी तोल जाण्याची. आईचं वय साठीच्या पुढचं असेल तर रात्री बाथरूमला एकटीला जाऊ देऊ नका. माझ्या शेजारच्या काकी अशाच पडल्या होत्या. दुखण्यासाठी मॉर्फिन किंवा ट्रामाडोल चालू असेल, झोपेत श्वास अडकत असेल, किंवा उलटीसाठी रात्री ओलान्झापिन दिलं असेल, तर हे डॉक्टरांना आठवणीने सांगा. गुंगीवर गुंगी चढते, मॉर्फिनसोबत तर श्वासही मंदावू शकतो. दारूचा घोटही नको, औषधी म्हणून दिलेली फेणीसुद्धा नको.

आणि ही गोळी इतर औषधांच्या जागी नाही. उलटी मुळात होऊच दिली नाही तर शरीर ती शिकतही नाही. म्हणून मागच्या केमोनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी किती उलट्या झाल्या ते वहीत लिहून दाखवा. त्यावरून डॉक्टर डेक्सामेथासोन, अप्रेपिटंट, ओलान्झापिन या उलटी रोखणाऱ्या औषधांतलं काही वाढवतात. मला चौथ्या वेळी अप्रेपिटंटच्या कॅप्सूल जोडल्या, आणि खरा फरक तेव्हा पडला. एमसेटने पोट घट्ट होतं, शौच साफ झालं नाही की मळमळ आणखी वाढते, आणि दोष केमोला जातो. तेही विचारा.

जेवणाचंही तसंच. केमोच्या दिवशी आईला तिचं आवडीचं काही देऊ नका. मी पहिल्या दिवशी सकाळी आंबोळ्या खाऊन गेले होते, आजही त्या तव्यावर पडल्या की मी अंगणात जाते. पातळ पेज द्या, मिठाची चिमूट घालून. आमसुलाचं सार रुचलं तर तेही, पण थंड. त्या दोन दिवसांत घरात माशाचं हुमण शिजवू नका, शेजारणीलाही सांगून ठेवा, ती समजून घेईल.

दिवसभर पाणीही पोटात ठरत नसेल, लघवी कमी झाली, ताप १००.४ च्या वर गेला, किंवा आई असंबद्ध बोलू लागली, तर गोळीची वाट बघू नका, सरळ हॉस्पिटलात न्या.

पुढची केमो कधी आहे ते कळवा. आदल्या रात्री मी जागी असते, कितीही वाजता लिहा.