मनीला नुसतं उकडलेलं चिकन पुरेल का?

प्रश्न: आमची मनी आजारातून उठलीय, कोरडं खाणं हुंगते नि तोंड फिरवते, उकडलेलं चिकन कुस्करून दिलं तरच खाते. चालेल?

उत्तर: चार दिवस चालेल हो ताई, पण महिनाभर नको, कारण बोनलेस चिकनमध्ये कॅल्शियम नसल्यात जमा आणि टॉरिन हे मांजरीला लागणारं पोषक द्रव्य तिच्या शरीरात पुरेसं बनत नाही, ते कमी पडलं की डोळ्यांवर नि हार्टवर येतं. टॉरिन उकडलेल्या पाण्यात उतरतं, म्हणून ते पाणी फेकू नका, कोमट करून त्यातच चिकन कालवा, वासानेच ती जवळ येईल बघा. कांदा-लसूण अजिबात नको. सप्लिमेंटचा डोस व्हेटलाच विचारा. आणि दिवसभर काहीच खाल्लं नाही तर वाट बघू नका हं, उपाशी मांजरीच्या लिव्हरमध्ये चरबी साठते, लगेच दवाखान्यात न्या.