मोठी बॅटरी, छोटं सॉकेट : हायब्रिड गाडीत लॅपटॉप चालवताना

हायब्रिड गाडी वापरणाऱ्या वाचकांच्या या वेळच्या प्रश्नांत एकच कोडं फिरून फिरून येतं. गाडीत एवढी मोठी बॅटरी असताना साध्या लॅपटॉपला वीज का पुरू नये? त्यातले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : आमची स्ट्राँग हायब्रिड (काही अंतर नुसत्या विजेवरही चालणारी) एसयूव्ही आहे. मुलीचा क्लास सुटेपर्यंत मी गाडीतच लॅपटॉपवर काम करतो. पेट्रोल कशाला जाळायचं म्हणून नुसतं बटण दाबून स्क्रीन आणि सॉकेट चालू ठेवले. मध्ये सगळं आपोआप बंद झालं, ते पुन्हा चालू केलं. दोन तासांनी गाडी सुरूच होईना. हायब्रिड बॅटरीचा पट्टा तर जवळजवळ भरलेला दिसत होता. मग वीज गेली कुठे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : वीज गेली ती दुसऱ्याच बॅटरीतून. तुमच्या गाडीत दोन बॅटऱ्या आहेत. पट्ट्यावर दिसते ती चाकं फिरवणारी, उच्च दाबाची. टोयोटा हायरायडर आणि मारुती ग्रँड व्हिटाराच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये ती १७७.६ व्होल्टची, ०.७६ किलोवॅट-तासाची आहे. वीजबिलाच्या भाषेत सांगायचं तर पाऊण युनिट. दुसरी साधी १२ व्होल्टची. सॉकेट, स्क्रीन, दिवे, दारांची कुलपं आणि गाडीतले सगळे संगणक या दुसरीवर चालतात. हायब्रिडमध्ये तिला सेल्फ मारावा लागत नाही, ते काम मोठ्या बॅटरीवरची मोटर करते. म्हणून ती आकाराने लहान दिली तरी चालते. बहुतेक गाड्यांत ती ३५ ते ४५ ॲम्पिअर-तासांची असते.

या गाड्यांत नेहमीचा अल्टरनेटर नसतो. मोठ्या बॅटरीची वीज १४ व्होल्टच्या आसपास उतरवून लहान बॅटरीला देणारा एक कन्व्हर्टर असतो, आणि तो गाडी ‘रेडी’, म्हणजे निघायला तयार, असतानाच काम करतो. ब्रेकवर पाय न ठेवता बटण एकदा दाबलं की ‘ॲक्सेसरी’, दुसऱ्यांदा दाबलं की ‘ऑन’. या दोन्ही अवस्थांत कन्व्हर्टर झोपलेला असतो. ‘ऑन’मध्ये तर गाडीचे संगणकही जागे होतात, त्यामुळे लहान बॅटरी ‘ॲक्सेसरी’पेक्षा लवकर उतरते. अनेक टोयोटा गाड्या ‘पी’मध्ये (पार्क) असताना ‘ॲक्सेसरी’त वीसेक मिनिटांनी आणि ‘ऑन’मध्ये तासाभराने स्वतःहून बंद होतात, ते याचसाठी. तुम्ही पुन्हा बटण दाबलंत आणि उरलीसुरली वीजही काढून घेतलीत. लहान बॅटरी बसली की मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारे रिलेच (विजेवर चालणारे स्विच) ओढले जात नाहीत. घरात धान्याची कणगी भरलेली, पण किल्ली आत राहिलेली, तसं.

आता योग्य पद्धत. गिअर ‘पी’त, हँडब्रेक ओढलेला, ब्रेक दाबून बटण दाबा आणि डॅशबोर्डवर ‘रेडी’ उमटेपर्यंत थांबा. मग लॅपटॉप लावा. मोठी बॅटरी खाली आली की इंजिन आपोआप सुरू होईल, काही मिनिटं चालेल आणि थांबेल. ते बिघाडाचं लक्षण नाही. गिअर ‘एन’मध्ये (न्यूट्रल) मात्र ठेवू नका. टोयोटाच्या हायब्रिड रचनेत ‘एन’मध्ये मोठी बॅटरी चार्ज होत नाही. खात्री करायची असेल तर सॉकेटमध्ये लावायचा व्होल्टमीटर घ्या. ‘रेडी’त तो १३.५ ते १४.५ दाखवेल. १२.५ किंवा त्याखाली दिसलं तर तुम्ही लहान बॅटरी खाताय.

गाडी बसलीच तर जम्प स्टार्टला फार करंट लागत नाही, कारण इंजिन फिरवायचं नसतं, नुसते संगणक जागे करायचे असतात. लहान लिथियम जम्प स्टार्टरही पुरतो. पण हायब्रिडवरून दुसऱ्याची डिझेल गाडी सुरू करून द्यायला जाऊ नका. सेल्फचा शेकडो ॲम्पिअरचा झटका कन्व्हर्टरला आणि त्याच्या फ्यूजला झेपणारा नाही.

प्रश्न : सॉकेटच्या झाकणावर ‘१२ व्होल्ट, १२० वॅट’ असं लिहिलंय. बाजारात त्याच सॉकेटात बसणारा २०० वॅटचा इन्व्हर्टर मिळतो. तो घ्यावा की टाइप-सी चार्जर?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : टाइप-सी, जर तुमचा लॅपटॉप त्यावर चार्ज होत असेल तर. इन्व्हर्टर १२ व्होल्टचे २३० करतो, मग लॅपटॉपचा अडॅप्टर २३०चे पुन्हा २० करतो. दोन्हीकडे दहा-बारा टक्के वीज उष्णतेत जाते. ६५ वॅटच्या लॅपटॉपसाठी सॉकेटमधून ८५ वॅटच्या आसपास ओढावे लागतात. चांगला टाइप-सी कार चार्जर तेच काम ७०-७२ वॅटमध्ये करतो, आणि त्याला पंख्याची घरघरही नसते.

दोनशे वॅटचा इन्व्हर्टर पूर्ण भाराने चालवला तर १९ ॲम्पिअर मागेल. १२० वॅट म्हणजे १० ॲम्पिअर. अशा सॉकेटच्या मागे बहुधा १५ ॲम्पिअरचा निळा फ्यूज असतो. तो उडाला तर नशीब समजा. उडाला नाही तर प्लगच्या टोकाची स्प्रिंगवाली पिन तापते, कारण तिचा संपर्क आधीच जेमतेम असतो. प्लगचं प्लास्टिक पिवळं पडलेलं किंवा वितळलेलं दिसतं ते यामुळे. फ्यूज वारंवार जातो म्हणून तिथे २० ॲम्पिअरचा पिवळा फ्यूज बसवणारे ‘जुगाडू’ कारागीर भेटतील. त्यांना हात जोडून नको म्हणा. सॉकेटची वायर निळ्या फ्यूजच्या हिशेबाने घातलेली असते. मोठा फ्यूज टाकला की फ्यूजऐवजी वायर जळते.

चार्जर घेताना डब्यावरच्या मोठ्या आकड्याकडे पाहू नका, एका पोर्टवर किती वॅट मिळतात ते पाहा. ‘१०० वॅट’ लिहिलेला चार्जर फोन जोडताच लॅपटॉपचे वॅट कमी करतो. दुसरी केबल लावताक्षणी लॅपटॉपचं चार्जिंग क्षणभर तुटतं आणि मग ‘स्लो चार्जर’ अशी सूचना येते, ती याच वाटणीमुळे. चार्जरवर ‘पीडी’ (पॉवर डिलिव्हरी) आणि २० व्होल्ट ३.२५ ॲम्पिअर किंवा त्याहून जास्त असं छापलेलं हवं. केबलकडेही लक्ष द्या. साधी टाइप-सी केबल ३ ॲम्पिअरची, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅटची असते. ६५ वॅटसाठी ३.२५ ॲम्पिअर लागतात, म्हणून ५ ॲम्पिअरची चिपवाली केबल घ्या. चार्जर बदलून बदलून थकलेल्या अनेकांचा दोष केबलमध्येच निघतो.

गाडीत मुळात दिलेले यूएसबी पोर्ट बहुतेकदा १५ वॅटच्या आतले असतात. त्यावर फोन चालतो, लॅपटॉप नाही. जुना गोल पिनचा लॅपटॉप असेल तर त्याच कंपनीचा कार अडॅप्टर शोधा. काही लॅपटॉप अडॅप्टरची ओळख तपासतात. परका अडॅप्टर लावला तर यंत्र चालतं पण चार्ज होत नाही, आणि वेगही मंदावतो. तसा अडॅप्टर मिळत नसेल तेव्हाच इन्व्हर्टर घ्या, तोही १५० वॅटपर्यंतचा प्युअर साइन वेव्ह, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा. स्वस्त ‘मॉडिफाइड’ लहरीवर लॅपटॉप चालतो, पण अडॅप्टर गुणगुणतो, जास्त तापतो आणि टचपॅड उड्या मारतो.

प्रश्न : माझ्या गाडीवर ‘स्मार्ट हायब्रिड’ लिहिलंय. वरचे नियम मलाही लागू का?
— एक वाचक, अमरावती

उत्तर : नाही. तुमची गाडी माइल्ड हायब्रिड आहे, म्हणजे तिची मोटर इंजिनाला नुसता हातभार लावते. ती विजेवर उभी राहून काम करू शकत नाही. सिग्नलला इंजिन बंद झालं की सॉकेटचा भार १२ व्होल्टच्या बॅटरीवर येतो. इंजिन पुन्हा फिरताना व्होल्टेज खाली जातं तेव्हा स्वस्त इन्व्हर्टर ट्रिप होतात. लॅपटॉप लावलेला असताना ‘आयडल स्टॉप’ (सिग्नलला इंजिन आपोआप बंद करणारी सोय) बंद ठेवा. उभ्या गाडीत तासन्‌तास काम करायचं असेल तर वेगळी पॉवर बँक बरी. वीस हजार एमएएचची म्हणजे ७४ वॅट-तास, हातात पडतात साठेक. ६५ वॅट देणारी घ्या. साध्या कामात लॅपटॉपला ती तीन-चार तास रेटते.

प्रश्न : लग्नांचं आणि ड्रोनचं चित्रीकरण करतो. दोन लॅपटॉप, ड्रोनच्या बॅटऱ्यांचा १०० वॅटचा चार्जर आणि कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या, हे सगळं एकाच वेळी चालवायचंय. हायब्रिड एमपीव्हीत मोठा इन्व्हर्टर बसवता येईल का? उच्च दाबाच्या बॅटरीवरूनच थेट वीज घेतली तर?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी : अजिबात नाही. गाडीतल्या नारिंगी केबलींना कंपनीच्या प्रशिक्षित माणसाशिवाय कोणी हात लावायचा नसतो. तिथे १७०-२०० व्होल्टचा डीसी करंट असतो आणि तो माणूस मारतो. शिवाय टोयोटा-मारुतीच्या स्ट्राँग हायब्रिड बॅटरीवर ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी असते. असल्या जोडणीने ती त्या क्षणी संपली असं समजा.

१२ व्होल्टच्या बाजूने मात्र काम होतं. भार मोजा : ६५, ९०, १०० आणि २०, म्हणजे २७५ वॅट. ३०० वॅटचा प्युअर साइन इन्व्हर्टर पुरेल, पण सॉकेटवरून नाही, थेट १२ व्होल्टच्या बॅटरीवरून. तो पूर्ण भाराला सुमारे २८ ॲम्पिअर घेईल. दोन मीटर अंतरासाठी १० चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल घाला. सहाची वापरली तर चालेल, पण व्होल्टेज जास्त पडेल आणि इन्व्हर्टर उगाच शिट्टी मारत बसेल. ४० ॲम्पिअरचा फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात हवा. फ्यूज इन्व्हर्टरजवळ बसवला तर मधली केबल पत्र्याला घासून सोलली गेल्यावर तिला वाचवणारं काहीच नसतं. अनेक कारागीर इथेच चुकतात, कारण इन्व्हर्टरजवळ फ्यूज बसवायला सोपा जातो.

ऋण वायर बॅटरीच्या टोकावर लावण्याआधी तिथे करंट मोजणारा लहान सेन्सर आहे का ते पाहा. असेल तर वायर चासीच्या (गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या) अर्थ बोल्टवर घ्या, नाहीतर सेन्सरला तुमचा भार दिसणारच नाही. बॅटरी डिकीत असेल तर तिच्या वायूची नळी जागेवर आहे ना, तेही बघून घ्या.

इन्व्हर्टर फक्त ‘रेडी’तच चालू करा. त्याचं स्वतःचं संरक्षण बहुतेकदा १०.५ व्होल्टला तोडतं, आणि तोपर्यंत लहान बॅटरी कधीच मेलेली असते. शक्य असेल तर इग्निशनवर ओढणारा ४० ॲम्पिअरचा रिले मध्ये घाला. मग गाडी बंद केली की इन्व्हर्टरही बंद. फक्त ‘ऑन’मध्येही रिले ओढला जातो, तेवढं लक्षात ठेवा. याहून मोठा, ६००-१००० वॅटचा इन्व्हर्टर लावायचा मोह टाळा. त्याच कन्व्हर्टरवर स्टिअरिंगची मोटर, हेडलाइट, ब्लोअर आणि रेडिएटरचे पंखेही चालतात.

ड्रोनच्या बॅटऱ्या उडवून आल्या आल्या चार्जिंगला लावू नका. बंद गाडीत एप्रिल-मेमध्ये डॅशबोर्ड ७० अंशांपर्यंत जातो. चार्जिंग सीटच्या पायथ्याशी, ए.सी.च्या वाऱ्यात करा. बॅटरी ४० अंशांच्या वर असेल तर चार्जर नुसता लुकलुकत राहतो, चार्ज करत नाही.

प्रश्न : अशा वेळी पेट्रोल किती जातं?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : लॅपटॉपचं नगण्य, ए.सी.चं बरंच. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ किलोवॅट-तास ऊर्जा असते. उभ्या गाडीत त्यातले साधारण दोन किलोवॅट-तास वीज म्हणून हाती लागतात. ६० वॅटचा लॅपटॉप आठ तास चालला तर अर्धा युनिट, म्हणजे पाव लिटर. पण ए.सी. आणि गाडीचे संगणक मिळून सरासरी एक किलोवॅट घेत असतील तर त्याच आठ तासांत चार लिटर जातात. उन्हात गाडी लावून लॅपटॉपचे वॅट मोजत बसण्यापेक्षा सावलीची जागा शोधा.

सोसायटीच्या तळघरात किंवा बंद गॅरेजमध्ये मात्र हे कधीच करू नका. इंजिन बंद आहे असं वाटत असताना ते आपोआप सुरू होतं आणि कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो.

प्रश्न : अमेरिकेत आमच्या हायब्रिड व्हॅनमध्ये १,५०० वॅटचं घरगुती सॉकेट आहे. भारतातून आणलेले लॅपटॉप त्यावर लावावेत का? वादळात वीज गेली तर फ्रिज चालेल?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : लॅपटॉपच्या अडॅप्टरवर ‘१००-२४०’ लिहिलेलं असेल तर फक्त पिन बदला. भारतातून नेलेला मिक्सर किंवा इस्त्री मात्र नाही, त्या २३० व्होल्टच्या. ही सोय जपानमधून आली. टोयोटाच्या एस्टिमा हायब्रिडमध्ये २००१ सालीच १०० व्होल्टचं १,५०० वॅटचं सॉकेट होतं, आणि २०११च्या भूकंपानंतर ते किती उपयोगी ते सर्वांना कळलं. फोर्ड एफ-१५० हायब्रिड पिकअपमध्ये तर २.४ किलोवॅट, आणि जादा पैसे मोजले तर ७.२ किलोवॅट मिळतात.

हे सॉकेट मोठ्या बॅटरीवर चालतं, म्हणून १२ व्होल्टच्या मर्यादा त्याला नाहीत. नियम तोच : ‘रेडी’, ‘पी’ आणि सॉकेटचं वेगळं बटण दाबलेलं. फ्रिज चालतो. त्याचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर काही पट वीज मागतो, म्हणून त्या वेळी मायक्रोवेव्ह लावू नका. एक्स्टेंशन बाहेर वापरायची, जाड तारेची आणि पूर्ण उलगडलेली हवी. गुंडाळी तशीच ठेवली तर ती आतून तापते. घराच्या भिंतीतल्या सॉकेटात उलटी वीज सोडायची कल्पना डोक्यात आली असेल तर ती तिथेच सोडा. त्याने बाहेर लाइनवर काम करणारा माणूस दगावू शकतो. आणि बर्फ पडत असेल तर दर तासाला खाली उतरून सायलेन्सरच्या नळीभोवतीचा बर्फ काढा.