सॅटिन की ग्लॉस? आधी नेकचा आकार हाताला बसतोय का बघा

तुमचा प्रश्न असा की ठाण्यात राहता, हाताला घाम फार येतो आणि स्क्वायर कंपनीच्या दोन स्ट्रॅटोकास्टर इलेक्ट्रिक गिटारी डोक्यात आहेत. अ‍ॅफिनिटी मॉडेलचा नेक (डाव्या हातात धरायची लांब मान) सॅटिन, म्हणजे मॅट; क्लासिक वाइबचा ग्लॉस, म्हणजे चकचकीत. ग्लॉसवर अंगठा अडकतो असं सगळे सांगतात, तर मग क्लासिक वाइब सोडून द्यावी का?

माझं मत विचाराल तर एवढ्या एका कारणासाठी मुळीच सोडू नका. नेकची जाडी, मागचा आकार, फ्रेट्सच्या (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांच्या) कडा कशा घासल्या आहेत, या गोष्टी विकत घेताना मिळतील तशाच राहतात. घरी बसून त्यात फार काही करता येत नाही. चकाकी मात्र अर्ध्या तासात उतरवता येते.

अंगठा अडकतो हे खरं आहे. ग्लॉसचा थर घासून, बफ करून आरशासारखा सपाट केलेला असतो. त्यावर कातडी पूर्ण टेकते आणि मध्ये घामाचा पातळ थर आला की पकड बसते. सॅटिनच्या लॅकरमध्ये, म्हणजे लाकडावरच्या वार्निशसारख्या लेपात, बारीक पूड मिसळलेली असते, बहुतेकदा सिलिकाची. त्यामुळे पृष्ठभाग अगदी सूक्ष्म खडबडीत होतो, प्रकाश विखुरतो आणि कातडी कमी जागी टेकते. म्हणून हात सरकतो. मुंबई-कोकणच्या जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत हा फरक फार जाणवतो. एसी लावलेल्या खोलीत कोरड्या हाताने वाजवलं तर जवळजवळ नाहीच. वाजवण्याच्या पद्धतीचाही संबंध आहे. अंगठा नेकवरून वर काढून जोरात बेंड मारणाऱ्यांना (तार ओढून सूर चढवणाऱ्यांना) ग्लॉसची पकड आवडते. पहिल्या फ्रेटवरून बाराव्यावर सतत ये-जा करणाऱ्यांना तीच नकोशी होते.

आता चकाकी उतरवायची कशी. चार शून्यांचं स्टील वूल (0000) किंवा राखाडी स्कॉच-ब्राइट घ्या. भांड्यांची हिरवी घासणी नको, तिचे ओरखडे डोळ्यांना दिसतात. तारा काढा. स्टील वूल वापरणार असाल तर पिकअप्स (तारांखालचे चुंबक असलेले भाग) मास्किंग टेपने पूर्ण झाका. लोखंडाचा बारीक चुरा लोहचुंबकाला चिकटला की काढता काढता जीव जातो. हेडस्टॉकच्या (खुंट्या असलेल्या टोकाच्या) मागे आणि नेक बॉडीला मिळतो तिथेही टेप लावा, म्हणजे कड स्वच्छ येईल. मग नेकच्या लांबीच्या दिशेने, हलक्या हाताने, सगळीकडे सारखं घासा. आडवं किंवा गोल गोल घासू नका. दर थोड्या वेळाने कापडाने पुसून अंगठा फिरवून बघा, आणि हात सरकायला लागला की थांबा. लाकूड उघडं पाडायचं नाहीये, फक्त वरची चमक मोडायची आहे. हे काम नेकच्या मागच्या बाजूलाच करायचं. मेपलच्या फ्रेटबोर्डला, म्हणजे नेकच्या पुढच्या बाजूला, हात लावू नका, तिथे तसाही बोटांचा संबंध मुख्यतः तारांशी येतो.

एक अपवाद मात्र कटाक्षाने पाळा. वरची पद्धत हल्लीच्या पॉलियुरेथेन फिनिशसाठी आहे, आणि क्लासिक वाइब त्यातच येते. पुढेमागे नायट्रोसेल्युलोज लॅकरची गिटार हातात आली, गिब्सन किंवा 1950 च्या दशकातली फेंडर, तर हा प्रयोग करू नका. तो थर पातळ असतो, चटकन लाकूड उघडं पडतं, आणि जुन्या वाद्याची किंमतही जाते.

उलट दिशेचं काम इतकं सोपं नाही. सॅटिन नेक वर्षानुवर्षांच्या हाताने आपोआप गुळगुळीत होत जातो, पण पट्ट्यापट्ट्यांनी. पहिल्या पाच फ्रेट्सच्या मागे चमक येते, वर मॅटच राहतो. मला ते देखणं वाटतं, काहींना मळकट वाटतं. सॅटिनवर पॉलिश मात्र चोळू नका, डाग पडल्यासारखी चमक येते. वाजवून झाल्यावर किंचित ओलसर आणि मग कोरडं कापड, एवढं पुरे.

तिसरी वाट म्हणजे तेल आणि मेण. म्युझिक मॅन कंपनीच्या बऱ्याच गिटारींचे नेक तसे असतात, आणि रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलनला तर नेकवर लॅकरच नको असायचं. स्पर्श अप्रतिम, पण आपल्या हवेत असं लाकूड ओल जास्त लवकर घेतं, मळतं आणि अधूनमधून तेल द्यावं लागतं. पहिल्या इलेक्ट्रिकसाठी मी हे सुचवणार नाही.

आवाजाचं कोणी सांगितलं तर लक्ष देऊ नका. नेकच्या मागच्या चमकेने ऐकू येईल असा फरक पडत नाही.

दुकानात एसी असतो, म्हणून दोन मिनिटं वाजवून ठरवू नका. दोन्ही गिटारी एकाच पट्टीत लावून घ्या आणि हात गरम होईपर्यंत, निदान पंधरा-वीस मिनिटं, बारे कॉर्ड्स (एक बोट सगळ्या तारांवर आडवं दाबून धरायचे कॉर्ड्स) वाजवा. मनगट किंवा अंगठ्याचं मूळ जिच्यावर आधी दुखेल ती बाजूला ठेवा. उरलेली क्लासिक वाइब निघाली तर लगेच घासायला बसू नका. एक पावसाळा ती आहे तशी वाजवा, आणि तरीही अंगठा अडकलाच तर स्टील वूल आणा.