सौरवादळ आणि बांधाची मोजणी

प्रश्न : मे महिन्यात आमच्या गटाची रोव्हर यंत्राने, म्हणजे उपग्रहांच्या संकेतांवरून जागा ठरवणाऱ्या यंत्राने, मोजणी होणार आहे. सौरवादळामुळे उपग्रहांचे संकेत बिघडतात, असे वाचनात आले. त्यामुळे बांध सरकू शकेल काय? अवकाळी पाऊस व गारपीट यांचाही या वादळांशी संबंध असतो काय?
— एक शेतकरी वाचक, ता. गेवराई, जि. बीड

उत्तर : गारपिटीचा या वादळांशी संबंध नाही. आपल्याकडचे उंचात उंच गडगडाटी ढगही साधारण १५ ते १८ किलोमीटरवर थांबतात. ही वादळे मात्र शंभर किलोमीटरच्या वर माजतात. सूर्याने फेकलेल्या विद्युतभारित कणांच्या लोटातील चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या विरुद्ध दिशेचे असले, की ऊर्जा आत शिरते आणि वरचे विरळ वातावरण तापून फुगते. फेब्रुवारी २०२२ मध्ये नुकत्याच सोडलेल्या ४९ स्टारलिंक (इंटरनेट पुरवणाऱ्या) उपग्रहांपैकी बहुतेक उपग्रह या फुगलेल्या हवेच्या रोधामुळेच गमवावे लागले, आणि तेही एका किरकोळ वादळात. १० मे २०२४ च्या रात्रीचे वादळ त्याहून कितीतरी प्रबळ होते. लडाखमधील हानले येथून तेव्हा आकाशात तांबडी आभा टिपली गेली.

आपला खरा प्रश्न आयनांबराचा, म्हणजे वातावरणातील विद्युतभारित थराचा आहे. त्यातून येताना उपग्रहाच्या संकेताला विलंब होतो आणि अंतर काही मीटरांनी चुकते. वादळात ही चूक बरीच वाढते. रोव्हर मात्र एकटा मोजत नाही. अचूक स्थान आधीच ठाऊक असलेल्या स्थानकाकडून त्याला सतत दुरुस्ती मिळते, आणि दोघांच्या डोक्यावरचे आयनांबर जवळपास सारखे असल्याने चूक वजा होते. वादळात हे सारखेपण मोडले, तर पडद्यावर ‘फिक्स’ (जागा पक्की ठरली) ऐवजी ‘फ्लोट’ (अजून पक्की नाही) दिसते, आणि चूक सेंटिमीटरांऐवजी डेसिमीटरांत, म्हणजे दहा-दहा सेंटिमीटरांच्या पटीत, कधी त्याहूनही जास्त होते.

मराठवाडा चुंबकीय विषुववृत्तापासून (पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र जिथे जमिनीला समांतर असते त्या रेषेपासून) फार दूर नसल्याने मार्च-एप्रिल व सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सूर्यास्तानंतर आयनांबरात विरळ पोकळ्या उठतात आणि वादळ नसतानाही संकेत थरथरतात. मोजणी दिवसाउजेडी होते, म्हणून हा त्रास सहसा आपल्या वाट्याला येत नाही. प्रत्येक खुणेवर ‘फिक्स’ आहे ना, हे मोजणीदारांना अवश्य विचारावे आणि शंका वाटल्यास तीच खूण तासाभराने पुन्हा मोजण्याची विनंती करावी. दोन्ही आकडे जुळले, तर बांधाच्या वादाचे खापर सूर्यावर फोडता येणार नाही.