किती सेंटिमीटर, किती पायऱ्या, किती वॉट-अवर?

नवरात्र जवळ आलं की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. कुणाला दिवाळीत मुलीकडे जायचं असतं, कुणाला नाताळात लंडन बघायचं असतं. पुढचं वाक्य बहुतेकांचं एकच असतं, "पाय साथ देत नाहीत, जमेल का?" मी एकोणीस वर्षं व्हीलचेअर वापरते, म्हणून अनुभवाने सांगते की जमतं. फक्त सुट्टीच्या गर्दीत ‘बघू तिथे गेल्यावर’ चालत नाही. या वेळची निवडक पत्रं खाली घेतली आहेत.

प्रश्न : बाबा ७६ वर्षांचे आहेत. गुडघे गेलेत, घरात चालतात पण जिना चढवत नाही. डिसेंबरमध्ये फ्रँकफर्टला भावाकडे न्यायचंय. व्हीलचेअरचं नाव काढलं की चिडतात. (कोल्हापूर)

तिकीट काढताना नुसतं ‘व्हीलचेअर हवी’ म्हणू नका. विमान कंपन्यांकडे या मदतीचे तीन संकेत असतात. डब्ल्यूसीएचआर म्हणजे लांब चालवत नाही, पण पायऱ्या चढता येतात. डब्ल्यूसीएचएस म्हणजे पायऱ्या जमत नाहीत, पण विमानात सीटपर्यंत चालता येतं. डब्ल्यूसीएचसी म्हणजे थेट सीटपर्यंत न्यावं लागतं. तुमचे बाबा दुसऱ्या प्रकारात बसतात. एजंट सवयीने पहिला संकेत टाकून मोकळा होतो. मग कधी विमान टर्मिनलपासून दूर उभं राहतं, समोर शिडी येते आणि उचलून वर नेणारी गाडी कुणी मागवलेलीच नसते.

हे निदान ४८ तास आधी कळवा. युरोपात ही मदत विमान कंपनी देत नाही, विमानतळ देतो. कंपनीने तुमचा निरोप त्यांना ३६ तास आधी पोचवायचा असतो, म्हणून ही मुदत. मदत फुकट असते. मधे विमान बदलायचं असेल तर तीन तासांपेक्षा कमी वेळ ठेवू नका. मदत घेणारा माणूस विमानातून सगळ्यात शेवटी उतरतो.

बाबांना सांगा, खुर्ची विमानतळापुरतीच आहे. तिथली लांबलचक चाल वाचवली तर ते गुडघे फ्रँकफर्टमध्ये नातवाचा हात धरून फिरायला उपयोगी पडतील.

आणि एक कळकळीची विनंती, तुमच्यासाठी नाही, इतरांसाठी. केवळ रांग चुकावी म्हणून धडधाकट माणसं खुर्ची मागतात. गर्दीच्या दिवसांत खुर्च्या आणि माणसं तेवढीच असतात. मग जिला पाऊलही टाकता येत नाही ती आजी दारात ताटकळते. कृपा करून असं करू नका.

प्रश्न : मणक्याच्या दुखापतीनंतर मी इलेक्ट्रिक व्हीलचेअर वापरते. दिवाळीत सिंगापूरला जायचंय. खुर्ची नेऊ देतील का? (ठाणे)

देतील. आज रात्रीच खुर्चीच्या बॅटरीवरचं लेबल वाचा. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर म्हणजे वॉट-अवर. २४ व्होल्ट, १२ अँपिअर-अवर असेल तर २८८ झाले. काढता येणारी लिथियम बॅटरी ३०० वॉट-अवरपर्यंत चालते. ती काढून सोबत केबिनमध्ये न्यायची, सामानात टाकायची नाही. खुर्चीला दोन बॅटऱ्या असतील तर प्रत्येकी १६० पर्यंत. जेल बॅटरीचे नियम वेगळे आहेत, ती सहसा खुर्चीतच राहते. कोणतीही असो, कंपनीची लेखी संमती घ्या आणि तो ईमेल छापून जवळ ठेवा. चेक-इनच्या काउंटरवरच्या मुलीला नियम पाठ असतीलच असं नाही, कागद मात्र तिला वाचता येतो.

दुसरं माप उंचीचं. बोइंग ७३७ च्या सामानकप्प्याचं दार ९० सेंटिमीटरपेक्षाही कमी उंचीचं असतं. तुमच्या खुर्चीची पाठ दुमडत नसेल तर ती आडवी घालतात, आणि आडव्या खुर्चीची जॉयस्टिक (खुर्ची चालवायची दांडी) मोडते. म्हणून विमानाचा प्रकार विचारूनच तिकीट काढा. लांबी, रुंदी, उंची, वजन हे सगळं कंपनीला कळवा. जॉयस्टिक सुटत असेल तर काढून जवळ घ्या. खुर्ची ‘फ्री व्हील’वर, म्हणजे मोटर सोडवून हाताने ढकलता येईल अशी, कशी टाकायची, कुठे धरायचं नाही, हे इंग्रजीत लिहून, फोटो छापून, प्लॅस्टिकमध्ये घालून पाठीला बांधा. माझ्या खुर्चीवर असा कागद कायम लटकलेला असतो.

सिंगापूरची निवड उत्तम आहे. तिथे मेट्रोच्या प्रत्येक स्टेशनवर पायऱ्या टाळणारी निदान एक वाट आहे आणि २०२० च्या अखेरपासून सगळ्या सार्वजनिक बसमध्ये खुर्ची चढते. चढायचं मागच्या दाराने, रॅम्प चालक स्वतः टाकतो. साधी टॅक्सी मात्र न दुमडणारी खुर्ची घेऊ शकत नाही. रॅम्पची मोठी गाडी आधी सांगून ठेवा, निदान विमानतळावरून हॉटेलपर्यंत. दिवाळीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते आणि लिटल इंडियात सेरांगून रोडवर रोषणाई असते. संध्याकाळी त्या गर्दीत खुर्ची हलणार नाही, दुपारीच जाऊन या. त्या सुमारास पाऊसही असतो, तेव्हा जॉयस्टिकवर घालायला पारदर्शक पिशवी आणि रबरबँड विसरू नका. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची आहे, प्लग तेवढा तीन चौकोनी पिनांचा लागतो.

प्रश्न : विमानात स्वच्छतागृहाची भीती वाटते. मी आदल्या दिवसापासून पाणीच बंद करतो. (छत्रपती संभाजीनगर)

पाणी तोडू नका. विमानाच्या कोरड्या हवेत तासन्‌तास बसून राहिल्यावर लघवीचा संसर्ग आणि पायात रक्त गोठणं, दोन्हींचा धोका वाढतो. लांबच्या प्रवासाला दोन मार्गिकांचं मोठं विमान निवडा. आतली अरुंद चाकाची खुर्ची आहे ना, हे आधीच विचारा. कर्मचारी स्वच्छतागृहाच्या दारापर्यंत नेतात, आत उचलून बसवत नाहीत. कॅथेटर (लघवीसाठीची नळी) वापरत असाल तर हवेत तेवढे, आणि वर दोन दिवसांचे, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवा. हवेच्या गादीवर बसत असाल तर विमान वर गेल्यावर ती फुगून टणक होते. थोडी हवा सोडा आणि उतरल्यावर भरा, नाहीतर त्वचेला जखम व्हायला एक प्रवास पुरतो.

प्रश्न : मला पोलिओ आहे. कॅलिपर (पायाला आधार देणारा धातूचा सांगाडा) आणि एक कुबडी वापरते. नाताळात लंडन कसं राहील? (पुणे)

लंडन मला फार आवडतं, पण तारीख सांभाळा. २५ डिसेंबरला तिथे भुयारी रेल्वे आणि बस बंद असतात. त्या दिवशी हॉटेलपासून तुम्हाला चालवेल एवढ्याच अंतरातला बेत करा, किंवा टॅक्सी आदल्या आठवड्यात ठरवा. तिथल्या काळ्या टॅक्सीत खुर्चीसाठी रॅम्प असतो.

जुन्या भुयारी स्टेशनांपैकी साधारण एक तृतीयांशच पायऱ्यांविना गाठता येतात. एलिझाबेथ लाइन या नव्या रेल्वेमार्गाची सगळी ४१ स्टेशनं तशी आहेत आणि ती हीथ्रोपर्यंत जाते. हॉटेल त्याच मार्गावर शोधा, रोजची निम्मी दगदग वाचेल. कॅलिपर लावून चालता येतं म्हणून विमानतळावर आणि मोठ्या संग्रहालयात खुर्ची नाकारू नका. पोलिओच्या स्नायूंना आजच्या दमणुकीची किंमत उद्या आणि परवा मोजावी लागते, हे तुम्हाला मी सांगायला नको. डिसेंबरात चारच्या सुमारास अंधार पडतो, फरशा ओल्या असतात. कुबडीचं रबरी बूच नवं लावून जा, एक जादा ठेवा. विमानात पाय सुजतो, तेव्हा कॅलिपरचे पट्टे सैल करा, पण बूट पूर्ण काढू नका. सुजलेला पाय परत आत जात नाही.

तपासणीत धातूमुळे आवाज होणारच. वेगळ्या बंद खोलीत तपासणी मागता येते. सगळ्यांसमोर कॅलिपर काढायला कुणी सांगितलं तर ठामपणे ती खोली मागा.

प्रश्न : हॉटेलवाल्याने ‘खोली अपंगांसाठी सोयीची आहे’ म्हटलं होतं. आईची खुर्ची बाथरूमच्या दारातच अडकली. (नाशिक)

‘सोयीची’ या शब्दाला काही अर्थ नसतो. आकडे मागा. आधी आईची खुर्ची चाकाच्या एका बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत मोजा. मग हॉटेलला विचारा, बाथरूमचं दार पूर्ण उघडल्यावर मोकळी जागा किती सेंटिमीटर उरते? दाराला टेप लावून फोटो पाठवा म्हणा. चांगली हॉटेलं पाठवतात, आणि जी पाठवत नाहीत त्यांचं उत्तर त्यातच आलं. आंघोळीला सपाट जमीन आहे की टबाला नुसते दांडे लावलेत? कमोडच्या कुठल्या बाजूला जागा आहे, आई खुर्चीवरून ज्या बाजूने सरकते त्या बाजूला का? पलंगाची उंची किती?

अशा खोल्या एका हॉटेलात एखाददुसरीच असतात आणि सुट्टीत त्याच आधी जातात. म्हणून आपल्यासाठी क्रम उलटा आहे, आधी खोली पक्की, मग विमानाचं तिकीट. आणि ‘तीच खोली तुमच्या नावावर राखली आहे’ हे लेखी घ्या, ‘विनंती नोंदवली’ हे उत्तर पुरेसं नाही.

प्रश्न : युडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) परदेशात चालतं का? (लातूर)

ओळखपत्र म्हणून पासपोर्टच लागतो. पण कार्ड आणि अपंगत्वाचं इंग्रजी प्रमाणपत्र जवळ ठेवा. पॅरिसच्या लुव्ह्रमध्ये अपंग व्यक्ती आणि सोबतचा माणूस, दोघांना प्रवेश मोफत आहे. आयफेल टॉवरवर मात्र खुर्ची दुसऱ्या मजल्यापर्यंतच जाते, मुलांना आधी सांगून ठेवा.

प्रश्न : मुलाला सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणं) आहे. ऐनवेळी विमानातून उतरवलं तर? आणि खुर्ची मोडली तर? (मडगाव)

तुमची भीती उगाच नाही. २०१२ साली सेरेब्रल पाल्सी असलेल्या जीजा घोष कोलकात्याहून तुमच्याच गोव्यात एका परिषदेला निघाल्या होत्या. त्यांना सीटवर बसल्यावर विमानातून उतरवलं. त्या सर्वोच्च न्यायालयात लढल्या. २०१६ मध्ये न्यायालयाने कंपनीला १० लाख रुपये भरपाई द्यायला लावली. आज केवळ अपंगत्वामुळे प्रवास नाकारता येत नाही. तब्येतीची शंका असेल तर कंपनीने विमानतळावरच्या डॉक्टरचं मत घ्यायचं असतं. कुणी अडवलं तर शांतपणे म्हणा, "डॉक्टरांना बोलवा आणि नकार लेखी द्या."

खुर्चीचं सांगते. आंतरराष्ट्रीय प्रवासात मॉन्ट्रियल कराराप्रमाणे भरपाईची कमाल मर्यादा १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) आहे, म्हणजे साधारण पावणेदोन ते दोन लाख रुपये. मुलाची खुर्ची त्याहून महाग असेल तर चेक-इनच्या वेळी तिची किंमत लेखी जाहीर करा. कंपनी त्यासाठी जादा शुल्क मागू शकते, पण मग मर्यादा जाहीर केलेल्या रकमेपर्यंत वाढते. खुर्ची हातातून सोडण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढा. परत मिळाली की विमानतळ सोडण्यापूर्वी चालवून बघा. मोडली असेल तर तिथल्या तिथे तक्रार नोंदवून क्रमांक घ्या, आणि सात दिवसांच्या आत कंपनीला लेखी पत्र पाठवा. सातवा दिवस उलटला की हक्क जातो, म्हणून घरी पोचल्यावर सामान उघडण्याआधी ते पत्र लिहा.